तक्त्यात नसलेलं नाव

जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या डॉक्टर अमेय यांच्या दवाखान्याचं ॲप प्रणोतीनं बनवलं, तेव्हा कर्मचारी होते चार आणि पासवर्ड एक. आता पाटनसह तीन शाखा झाल्या, माणसं तिसाच्या वर गेली, तरी पासवर्ड तोच. कोणीही उठावं आणि कोणाचाही रिपोर्ट उघडावा, असा सगळा आनंद! शेवटी प्रणोतीनं कोणाला काय दिसावं याचा तक्ता केला. दिसेल तिथं बरोबरची खूण, नाही तिथं फुली.

रिसेप्शनच्या ओळीत फुल्याच जास्त आल्या. तिथं पंधरा वर्षं बसलेल्या अंजनीताईंना वाईट वाटणार, हे उघड होतं. तरी मन घट्ट करून तिनं तक्ता त्यांच्यापुढं ठेवला.

"ताई, तुमच्यावर अविश्वास नाही. पण कोणाचा रिपोर्ट बाहेर फुटायला नको." हे भाषण तिनं सकाळपासून घोकलं होतं.

अंजनीताईंनी चष्मा लावून तक्ता वाचला. "डॉक्टर आहेत, नर्स आहे, मी आहे. तू कुठं आहेस याच्यात?"

"मी कशाला? मी तर बनवून राहिली ना. तपासायला मला सगळंच उघडावं लागते."

"अच्छा. म्हणून माझा रिपोर्ट उघडला काय?"

प्रणोतीला लगेच आठवलं. मागच्या आठवड्यात नवं पान तपासताना ओळखीचं म्हणून तिनं अंजनीताईंचंच नाव टाकलं होतं. त्यांचा रिपोर्ट उघडला होता: छातीत गाठ, पुढची तपासणी बाकी.

"काल भजनात तुझ्या आईनं माझा हात धरला. म्हणे, गाठीची काळजी करू नको, सब ठीक होईल. साऱ्या बायांसमोर! मी अजून घरी ह्यांनाही सांगितलं नाही."

आईपाशी बोलताना प्रणोतीच्या मनात काळजीच होती. जबलपुरातली मराठी घरं मोजकी, एकमेकांच्या दुखण्याला धावून जाणारी. त्यात काही वावगं आहे असं तिला वाटलंच नव्हतं. आता मात्र तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

तिनं तक्त्यात सगळ्यांत वर स्वतःचं नाव लिहिलं आणि रिपोर्टच्या रकान्यात फुली मारली. "यापुढं खोटी नावं, खोटे रिपोर्ट घालून तपासीन. डॉक्टरांना सांगते, तुमचं नाव न घेता. चुकलं माझं, ताई."

"बरं केलं," अंजनीताई म्हणाल्या. तक्ता त्यांनी तिच्याकडं सरकवला. "पण आज संध्याकाळी भजनातल्या पाच जणी घरी येऊन राहिल्या, माझी तब्येत विचारायला. त्याच्याआधी ह्यांना काय सांगू, ते सांग."