ओठावरचा जर

फुटका कप. इंदिरानगरमधल्या एका फ्लॅटच्या कचऱ्याच्या डब्यात. सोनेरी कडेचा, सहाच्या सेटमधला.

जंतुनाशकाची संपत आलेली बाटली.

गंगापूर धरणाच्या काठी उभी गाडी. काचा वर.

साखरपुड्याचे उरलेले पेढे, बुरशी आलेले.

तेजलच्या ओठाच्या कोपऱ्यात वाळत आलेला फोड. तापानंतर असा फोड उठला की घरोघरी म्हणतात, जर मुतला. तूप लावतात आणि विसरून जातात.

आता जोडून सांगतो. तेजल सटाण्याची, रविराज नाशिकचा. नोकरी दोघांचीही नाशिकला. साखरपुडा झाल्यावर एका रविवारी ते धरणावर गेले. गाडीत चुंबन झालं, कपड्यांवरून हात फिरले. तेवढंच, आणि दोघांच्या मनानं. घरी येऊन रविराजने मोबाईलवर तो फोड शोधला. हर्पिस, लैंगिक रोगांच्या यादीत. तिथून पुढे त्याला सगळंच घाण.

बाथरूममध्ये टॉर्च लावून तो स्वतःला तपासू लागला. जिथे तिचा स्पर्शही नव्हता तिथे जंतुनाशक ओतून घासू लागला. कातडी सोलली, तर त्या लालीलाच रोग समजला. शेवटी तेजलच त्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, रोग नाही, घासणं थांबवा. कपड्यांवरून हे लागत नाही. ओठावरचा जर म्हणजे तोच विषाणू, चुंबनातून लागू शकतो. पण बहुतेकांना तो लहानपणी घरातच मिळालेला असतो, कित्येकांना कळतही नाही. रविराजने मान डोलावली.

घरी आईला त्याने फक्त तेजलच्या फोडाचं सांगितलं, हर्पिस म्हणून.

ललिताबाईंनी होणारी सून ज्या कपातून चहा प्यायली होती तो फोडला, मुलाला घेऊन सटाणा गाठलं आणि चहाला हात न लावता बोलणं काढलं. आमच्या घरात असले रोग नाहीत. मुलीची सगळी तपासणी करा, स्वच्छ असल्याचं लेखी आणा, मग तारीख धरू.

"राग मानू नका, विहीणबाई," त्या हसून म्हणाल्या. "कांदासुद्धा आपण दाबून बघूनच घेतो."

तेजलची आई सगुणाबाई मुलीच्या कानाशी वाकली. "तपासी ले व माय. आपलं काय जास?"

तेजलने विचारलं, रविराजचीही तपासणी होणार का. ललिताबाईंना प्रश्नच कळला नाही. मुलाचं काय तपासायचं?

"डॉक्टर काय म्हणाल्या, ते सांग त्यांना," तेजल रविराजला म्हणाली.

रविराज मोबाईलकडे बघत राहिला. अंगठा नुसताच काचेवर फिरत होता, स्क्रीन बंद होती.

तिला त्या अंगठ्याची किळस आली. फोडाची नव्हती आली कधी.

साखरपुड्यापासून 'आई' म्हणणारी ती म्हणाली, "काकू, तपासणी मी करणार नाही. आणि लग्नही."

अंगठी तिने ट्रेमध्ये, थंड चहाशेजारी ठेवली.

आठवड्याच्या आत सटाण्यात बोललं जाऊ लागलं की मुलीतच काहीतरी असणार, उगाच का मोडलं. बोलणारे शिकलेले होते. पूर्वी मुलीबद्दल शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे गुपचूप चौकशी करत. आता लॅबचा रिपोर्ट मागतात आणि त्याला आरोग्य म्हणतात. अशा बैठकीत आपणही बसलो आहोत, बिस्कीट चहात बुडवत, गप्प.

त्या दिवशी पाहुणे गेल्यावर सगुणाबाईंनी ललिताबाईंचा उष्टाही न झालेला कप उचलला, धुतला आणि बाकीच्यांबरोबर मांडणीवर ठेवला.

रविराज दीड वर्षांचा असताना ललिताबाईंच्या ओठावर जर मुतला होता, आणि त्या दिवसांतही त्या त्याला घास आपल्या तोंडात चावून, मऊ करून भरवत होत्या.