दुसरं डिकाशन

मंडळी, घरात कुणी नवं काही सुचवलं की तोंडावर 'नाही' म्हणणारी माणसं परवडतात. त्यांच्याशी भांडता तरी येतं. हरिप्रियाचे वडील 'हो' म्हणाले आणि तिथंच तिचा घात झाला!

चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये तिच्या वडिलांचं, व्यासराजांचं, कॉफीचं दुकान आहे. बिया भाजायच्या, गिऱ्हाइकासमोर दळायच्या आणि गरम पूड पुडीत बांधून द्यायची, हा तंजावरहून आलेल्या त्यांच्या मराठी आजोबांपासूनचा धंदा. पण जुनी गिऱ्हाइकं एकेक करून कमी होत चालली होती. हरिप्रियाला हे बघवेना. तिनं ऑफिसातली नोकरी सोडली आणि वडिलांपुढं आपली कल्पना मांडली.

"अप्पा, नुंगंबाक्कमच्या हॉस्टेलातल्या पोरींना कॉफी पाहिजे, पण फिल्टर लावायास वेळ कोणास आहे? आपण डिकाशन बाटलीत भरून पाठवू. त्यांनी दूध तापवलं की झालं!"

"सरी, ठीक आहे, करून पाह," अप्पा म्हणाले. "मी आहे तुझ्या पाठीशी. नाही चाललं तर मात्र बाटल्या बंद, दुकान पूर्वीसारखंच चालवू."

झालं! पहाटे उठून हरिप्रिया मोठे फिल्टर लावी, म्हणजे पुडीवर कढत पाणी ओतून दाट अर्क, डिकाशन, खाली उतरू देई. तिची आंघोळ-पूजा होईपर्यंत अप्पा बाटल्या भरून, झाकणं लावून तयार ठेवत, वर तिच्यासाठी फक्कड कॉफीचा टंबलरही हातात देत. या वयात अप्पा माझ्यासाठी राबतात, असं ती ज्याला त्याला कौतुकानं सांगे.

पण बाटल्यांची मागणी वाढायच्या ऐवजी घटू लागली. एके दिवशी हॉस्टेलातली देविका, पुण्याहून नोकरीसाठी आलेली मुलगी, उघडलेली बाटलीच परत घेऊन आली.

"ताई, राग मानू नका. पहिल्यांदा वाटलं आमचंच दूध पातळ असेल. पण या कॉफीला काही चवच नाही हो! आम्ही सगळ्यांनी बंद करायचं ठरवलंय."

हरिप्रियाचा चेहरा खर्रकन उतरला. ती बाटली घेऊन घरी आली, तेव्हा अंबुजाअत्या येऊन अप्पांशी बोलत बसली होती. अप्पांची ही थोरली बहीण शाळेतून निवृत्त झालेली, आणि कॉफीच्या बाबतीत तिच्या जिभेला फसवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. तिनं त्या बाटलीतलं डिकाशन दुधात घातलं, एक घोट घेतला आणि टंबलर खाली ठेवला.

"हे दुसरं डिकाशन आहे, कण्णा," ती भाचीला म्हणाली.

एकदा उतरलेल्या पुडीवर पुन्हा पाणी ओतलं की जे फिकं उतरतं, ते दुसरं डिकाशन. घरच्यांनी ते निमूट प्यावं. पाहुण्याच्या हाती ते देणं म्हणजे त्याचा अपमान, हे या घरातलं लहान पोरही जाणतं.

"कसं होईल अत्या? फिल्टर मी स्वतः लावते!"

"आणि बाटल्या कोण भरतो?"

अप्पांनी मान खाली घातली. रोज सकाळी हातात येणारा तो फक्कड टंबलर! घरात पहिलं आणि गिऱ्हाइकाला दुसरं!

"अप्पा, माझं चाललं नसतं तर मी सोसलं असतं," हरिप्रिया म्हणाली. "पण लोकांपुढं मी रोज वाईट माल ठेवत होते आणि तुम्ही पाहत होतां?"

"भय वाटलं मला," अप्पा पुटपुटले. "पहिलं मी मोरीत ओतून देत होतो. बाटली चालली तर दुकानात कोण येईल? माझ्याशी कोण बोलेल?"

"भय वाटलं तर 'नको' म्हणून सांगायचं होतंस, व्यासा!" अंबुजाअत्या कडाडली. "आपल्या आजोबांनी इथं दळायचं यंत्र लावलं, तेव्हा लोक घरी बिया कुटत होते. 'यंत्राची पूड कोण घेणार' म्हणून सगळे हसले. पण त्यांच्या बापानं यंत्रात खडे टाकले नाहीत! म्हणून आज तुजला दुकान आहे."

अप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या डिकाशनाच्या बाटल्या घेऊन ते स्वतः बसनं हॉस्टेलवर गेले. लेकीच्या वयाच्या त्या मुलींपुढं हात जोडून म्हणाले, "वाईट माल मी भरला होता. माझ्या मुलीस बोल लावू नका." मुली चकित झाल्या. देविकानं सगळ्यांसाठी दूध तापवायला ठेवलं, आणि त्या दिवसापासून मागणी पुन्हा सुरू झाली.

दुकान वाचलं. पण आता बाटल्या हरिप्रिया एकटीच भरते. अप्पा मदतीला पुढं आले की ती हळूच म्हणते, "राहू दे अप्पा." तिनं त्यांना माफ केलं आहे, यात शंका नाही. तरी बाटली त्यांच्या हाती द्यायला तिचं मन अजून तयार होत नाही.

तेव्हा बंधुभगिनींनो, घरात, दुकानात, कचेरीत कुणी नवी वाट धरली आणि ती तुम्हाला पटली नाही, तर खुशाल विरोध करा, कडाडून भांडा! पण पाठीवर हात ठेवून त्याच हातानं पाय ओढू नका. बुडालेला धंदा पुन्हा उभा राहतो. आपल्या माणसाच्या हातून चहा-कॉफी निर्धास्तपणे घेण्याचं सुख एकदा गेलं, की ते परत मिळवायला उभा जन्म कमी पडतो.