नकलेची नक्कल

जिन्याखालच्या दीड माणसाच्या दुकानात बसून किल्ल्या बनवणाऱ्या बाईला अख्खा बाजार ताई म्हणायचा. कारण सरळ होतं: तिचा धाकटा भाऊ तिला तशी हाक मारायचा आणि त्याचा आवाज दणदणीत होता. आता तो आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्या स्वतःच्या दुकानात गेला होता. तीन वर्षांपूर्वी त्याने बनवलेली एक किल्ली कुलपात अडकली, गिऱ्हाईक तणतणत परत आलं, आणि ताई चारचौघांत बोलून गेली, "याच्या हाताला सबुरीच नाही." धाकट्याने कानस खाली ठेवली आणि तो चालता झाला. काठी मारली म्हणून पाणी दुभंगत नाही असं लोक म्हणतात. लोकांचं म्हणायला काय जातं? रोज सकाळी शटर वर करताना ताई त्या टोकाकडे बघायची. आपलं चुकलं हे तिला कळत होतं, पण मोठ्या बहिणीने माफी कशी मागायची हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

अशात सूनबाईने सुट्टीच्या दिवशी दुकानात लॅपटॉप आणला. ताईला बरेच दिवस त्या क्रिप्टोचं, म्हणजे इंटरनेटवरच्या चलनाचं, कुतूहल होतं, आणि बुडाले तरी झोप उडणार नाही इतके पैसे तिने बाजूला काढले होते. सूनबाईने समजावलं की आपण काही खरेदी-विक्री करायची नाही. एक जाणता ट्रेडर निवडायचा आणि बॉटला, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामला, त्याच्या मागे लावायचं. तो घेईल ते बॉट घेणार, तो विकेल ते बॉट विकणार.

"म्हणजे नक्कलच ना," ताई म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. नक्कल म्हणजे तिचं घरचं काम.

मग तिने बॉटची अशी उलटतपासणी घेतली की सूनबाईला हसू आवरेना. पहिला प्रश्न धंद्यातलाच होता. नकलेवरून काढलेली नक्कल कुलपात अडकते, म्हणून मूळ किल्ली मागून घ्यायची, ही तिच्या वडिलांची शिकवण. तेव्हा हा ट्रेडर स्वतः तरी दुसऱ्या कोणाची नक्कल करत नाही ना? सूनबाईने मान्य केलं की हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. दोघींनी वेबसाइटवरच्या ट्रेडरांच्या यादीतल्या चारशे जणांना चाळणी लावली. महिन्यात दुप्पट करून देतो म्हणणारे ताईने सगळ्यात आधी काढले. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं म्हणून तिने त्यांची तोंडंही बघितली नाहीत.

शेवटी उरला एक बिननावाचा, नुसता आकडा असलेला ट्रेडर. तो थोडंसं घ्यायचा, थांबायचा, अंदाज घ्यायचा, मग आणखी थोडं घ्यायचा. नफा बेताचा, तोटा त्याहून बेताचा. ताई बराच वेळ त्याचे जुने व्यवहार बघत राहिली. कानस कशी चालवावी हे कळणारा माणूस आहे, असं म्हणून तिने त्याच्यावर बोट ठेवलं.

सूनबाईने दर खरेदीची रक्कम भरली, किती तोटा झाला की सगळं थांबवायचं तेही भरलं. दिवसाला जास्तीत जास्त पंधरा खरेद्या, ही अट मात्र तिने स्वतःच्या अकलेने घातली. तो दिवसाला तीनच करतो, पंधरा कशाला, म्हणून ताईने तिची थट्टा केली. त्या गडबडीत आपलं खातं सगळ्यांना दिसेल असंच उघडं राहिलं, ते दोघींच्या लक्षात आलं नाही.

पंधरा दिवस बॉट शहाण्यासारखा वागला. सोळाव्या दिवशी सकाळी त्याच्या अंगात आलं. फोन टिणटिण करायला लागला: घेतलं, घेतलं, पुन्हा घेतलं. ताईचे डोळे पांढरे झाले. पंधरावी खरेदी झाली आणि बॉट गप्प बसला, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. सूनबाईची थट्टा केल्याबद्दल तिने मनातल्या मनात कान धरले आणि तिला फोन लावला.

सूनबाईने घरूनच खातं उघडून बघितलं आणि ती हसत सुटली. आपण ज्याची नक्कल करतो, त्यानेही काल रात्री बॉट लावला होता, आणि तो बॉट आपली नक्कल करत होता. त्याने एक घेतलं की आपण एक घ्यायचं, आपण घेतलं म्हणून त्याने पुन्हा घ्यायचं. यादीतलं सगळ्यात सावध खातं म्हणून त्या पठ्ठ्याने आपलं खातं निवडलं असणार. ते सावध दिसत होतं कारण त्यात त्याचेच व्यवहार उतरले होते.

नुकसान काहीच नव्हतं, पण ताईतला कारागीर दुखावला. तिने आधी बॉट बंद करायला लावला. मग त्या ट्रेडरला एका एका अक्षरावर बोट ठेवत निरोप लिहिला: "नक्कल करण्याआधी मूळ किल्ली मागावी. एवढंही कोणी शिकवलं नाही का?"

दोन मिनिटांनी उत्तर आलं. "शिकवलं होतं. बाबांनी. ताई, तू आहेस का?"

ताईने ते तीनदा वाचलं. दुकानासमोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. तिने फक्त "ये" एवढंच लिहिलं आणि डोळे पुसले.

धाकटा पळतच आला. त्याचं पोट सुटलं होतं, कानांवर केस पांढरे झाले होते, आणि बोलायला दम नव्हता. आता बहिणीने काय बोलायचं, हा तीन वर्षांचा प्रश्न होता. उत्तर तिला त्या क्षणी सापडलं. ती गिऱ्हाइकांकडे वळली.

"हा माझा भाऊ," ती म्हणाली. "चारशे जणांतून मी याचा हात निवडला, तो कोणाचा आहे हे ठाऊक नसताना. मी याला एकदा नाही ते बोलले होते. याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त सबुरी आहे."

गिऱ्हाइकांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण त्यांनी माना डोलावल्या. धाकट्याने पुढच्या माणसाच्या हातातली किल्ली घेतली आणि तो मशीनसमोरच्या स्टुलावर जाऊन बसला.

"दुकानाला कुलूप घातलंस का?" ताईने विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली. आयुष्यभर कुलुपांत काढलेला माणूस आपलं दुकान सताड उघडं टाकून आला होता. ताई इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मग तिने चपला पायात सरकवल्या, ही दोन गिऱ्हाइकं नीट कर असं त्याला बजावलं, आणि त्याचं दुकान राखायला बाजाराच्या दुसऱ्या टोकाकडे निघाली.