न ऐकता पास केलेली तबकडी

आपलं आपण ऐकायचं नाही, हा ‘कोल्ड चिप्स’ बँडचा नियम गायिका ग्लेंडाने घालून दिला होता. एकदा वाजवलं की वाजवलं, चुकलं तर चुकलं. इंग्लंडातल्या त्यांच्या संडरलँड गावातले बाकीचे बँडवाले आपल्या कार्यक्रमांच्या कॅसेटी भरून घरात रचून ठेवायचे. ग्लेंडा त्यांची टर उडवायची. "आरशात बघत बघत भांडतं का रे कुणी?" असं विचारायची. ड्रम वाजवणाऱ्या लॉर्नाला हे फार पटलं होतं, विशीच्या आतल्या माणसाला पटतं तसं, डोळे मिटून.

ऐंशी साली त्यांनी न्यूकॅसलला जाऊन आपली पहिली मोठी तबकडी एका दुपारात उरकली. तिघं एकाच खोलीत, एका दमात. गिटारवर नेव्ह, ड्रमवर लॉर्ना आणि तिच्या अगदी शेजारी उभी राहून गाणारी, गाणारी कसली, किंचाळणारी ग्लेंडा. स्टुडिओवाल्याने दोन फिती करून ठेवल्या. एक गाण्यासकट, आणि दुसरी नुसत्या वाद्यांची, कधी टीव्हीवर बोलावणं आलंच तर वर गाता यावं म्हणून. कारखान्याला द्यायची फीत नेव्हने उचलली. लावून कोण बघतो?

मग कारखान्याकडून पांढऱ्या लेबलाची नमुन्याची तबकडी आली. ती ऐकून पास करायची, म्हणजे बाकीच्या छापल्या जातात. लॉर्नाने ती पाकिटातूनसुद्धा काढली नाही. कोपऱ्यावरच्या फोनवरून "झकास आहे, छापा!" असं ठोकून दिलं. शेजारी उभी असलेली ग्लेंडा हसून हसून वाकली.

त्याच महिन्यात ग्लेंडा दम्याच्या झटक्याने गेली.

अंत्यविधीनंतर घरी हॅमची सँडविचं वाटता वाटता तिच्या आईने, म्हणजे मिसेस टेट यांनी, लॉर्नाचा हात धरला. लेकीचं एकही गाणं त्यांनी ऐकलं नव्हतं. घरात हा धिंगाणा नको, असं त्यांनीच बजावलं होतं, आणि ग्लेंडानेही त्यांना कधी बोलावलं नव्हतं. "तबकडी आली की मला आणून दे हं पोरी," त्या म्हणाल्या. "शिव्या असल्या तरी चालतील. मला तिचा आवाज ऐकायचाय."

छापलेल्या तबकड्यांची खोकी आली. नेव्हने आपल्या घरी एकट्यानेच एक तबकडी लावली. गिटार, ड्रम, गिटार, ड्रम. दोन्ही बाजू संपल्या, ग्लेंडा कुठेच नाही. त्याने घाईघाईने स्टुडिओत फोन केला. गाण्याची फीत तिथेच राहिली होती, आणि ती कधीच पुसून तिच्यावर दुसऱ्या कुणाचं तरी भरलं होतं. न्यायला कुणी आलं नाही की फिती पुसायच्या, ही तिथली रीतच होती आणि ती या दोघांनाही ठाऊक होती.

"हरवली म्हणून सांग," लॉर्नाला हे कळवायला आलेला नेव्ह म्हणाला.

"सगळी खोकी हरवली?"

"मग सांग खरं. झकास आहे म्हणणारी तूच ना?"

"आणि फीत कुणी उचलली रे शहाण्या?"

 ग्लेंडाच्या घरी नेव्ह काही आला नाही.

रविवारी लॉर्ना एकटीच गेली. मिसेस टेटनी बाहेरच्या खोलीतला, रेडिओ आणि तबकडी दोन्ही वाजवणारा रेडिओग्राम लख्ख पुसून ठेवला होता. तो बघूनच लॉर्नाचा बांध फुटला आणि तिने दारातच सगळं सांगून टाकलं. मिसेस टेटनी रेडिओग्रामचं झाकण उघडलं.

"लाव तरी," त्या म्हणाल्या.

गुडघे धरलेले असूनही त्या जमिनीवर बसल्या आणि त्यांनी स्पीकरला कान लावला. तिसऱ्या गाण्यात त्यांचा हात एकदम वर गेला. "आहे! अगं, ती आहे!"

लॉर्नाने कान लावला. खरंच होती. ड्रमसमोरच्या माइकमध्ये शेजारच्या ग्लेंडाचा आवाज जरासा शिरला होता, भिंतीपलीकडून कुणी हाक मारावी तसा. शब्द कळत नव्हते. ड्रम थांबले की ती क्षणभर ऐकू यायची, आणि पुढचा शब्द फुटतोय तोच त्याच्यावर लॉर्नाचे हात पडायचे. धाड, धाड, धाड. लॉर्ना आपलं वाजवणं आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. तिला ते दोन्ही हात तोडून टाकावेसे वाटले.

गाणं संपलं. मिसेस टेटनी सुई उचलून पुन्हा त्याच गाण्यावर ठेवली. मग पुन्हा. मग आणखी एकदा. शेवटी त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "इथे जरा हळू वाजवता आलं नसतं का गं तुला?"