डब्यात उरलेली अळी

भामाबाईच्या दीड एकर मक्यावर लष्करी अळी तुटून पडली. पतंग अंडी कधी घालून गेले कुणास ठाऊक. पोंग्यात, मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, डोकावावं तर भुशासारखी घाण आणि कोवळ्या पानांची चाळण. निंबोळी अर्क दोनदा फवारला, तरी अळी हटेना. नवरा कडुबा दिवसभर शेरडांमागं, मुलगा वाळूजच्या कंपनीत. म्हणून तालुक्याचं शेतीचं ऑफिस तिच्या वाट्याला आलं.

साहेब म्हणाले, "नुसतं तोंडी चालत नाही बाई. अळी दाखवा."

बाई खमकी. शुक्रवारी सकाळीच तिनं वीस अळ्या वेचून डब्यात घातल्या, वर दोन पानं टाकली, झाकणाला भोकं पाडली आणि डबा मांडीवर घेऊन जीपमध्ये बसली.

"काय नेता वं?" शेजारणीनं विचारलं.

"साहेबांसाठी हाय."

शेजारीण समजूतदारपणे हसली.

साहेब मीटिंगला होते. मीटिंग अळीवरच होती. शिपाई म्हणाला, "डबा ठेवून जा, सोमवारी बघतील."

सोमवारी साहेबांसमोर तिनं ऐटीत झाकण काढलं आणि चरकलीच. पानांच्या नुसत्या शिरा, अन् मधोमध एकच टम्म फुगलेली अळी.

"एका अळीला प्रादुर्भाव म्हणत नाहीत, बाई."

"वीस व्हत्या साहेब! मोजून आणल्या व्हत्या!"

"मग बाकीच्या?"

"हिच्या पोटात. खाल्लं मेलीनं समद्यांना."

साहेबांचा चेहरा खुलला. "म्हणजे अळीनंच अळीचा बंदोबस्त केला! याला नैसर्गिक नियंत्रण म्हणतात." आणि त्यांनी तसं लिहूनही घेतलं. भामाबाईला हसावं की डबा त्यांच्या टेबलावर उपडा करावा, कळेना. ती डबा घेऊन उठली.

घरी कडुबा म्हणाला, "आता कशाची वाट बघती? काप. शेरडं तरी खातील."

दोघांनी चार दिवसांत मका कापला. शेरडांनी फडशा पाडला.

आठवड्यानं पांढरी गाडी आली. साहेब, दोन मदतनीस, एक फोटोवाला. मोकळ्या रानात सगळे हिंडले, ढेकळं उलटून पाहिली.

"वा! एकसुद्धा अळी नाही," साहेब म्हणाले. "शंभर टक्के नियंत्रण! बाई, या, मधी उभ्या राहा."

"साहेब, मकाबी नाय," भामाबाई म्हणाली.

साहेबांनी कागद खालीवर पाहिला. "त्याला यात रकाना नाही हो," ते म्हणाले आणि फोटोसाठी हसले.