पान एक्केचाळीस नसलेला अंक

मी सदतिसावा अंक बोलतोय. हसू नका! ज्याला बावीस वर्षं दर रविवारी जमिनीवर उताणं पाडून पोटावर साखर टाकली, त्यालाही चार शब्द बोलायचा हक्क आहे.

माझं मासिक घरात बसून खेळायच्या खेळांचं. फासे, सोंगट्या, कोडी, पट. वर्गणीदार मूठभर, पण पक्के नादिष्ट. संपादक दर महिन्याला स्वतः एक नवा खेळ रचायचे आणि मधल्या दोन पानांवर त्याचा पट छापायचे. माझ्या वाट्याला ‘मुंग्यांचं राज्य’ आलं. चौसष्ट घरं, सोंगट्यांऐवजी शर्टाची बटणं, आणि स्वयंपाकघरातून वारुळापर्यंत खरीखुरी साखर वाहून न्यायची. नियम सहावा असा, की जो शिंकेल त्याने तीन घरं मागे जावं. का? ते संपादकांनाच विचारा.

जन्मतःच माझी चार पानं गेली. आमच्यासारख्या पाठीत पिना मारलेल्या अंकांची पानं चाराच्या पटीत वाढतात आणि चाराच्या पटीतच घटतात. मी चव्वेचाळीस पानांचा व्हायचो. ऐन वेळी कागद कमी पडला. छापखानेवाला म्हणाला, “साहेब, चार उडवा.” संपादकांनी घाईघाईत शेवटची चार उडवली. चाळिसाव्या पानाच्या तळाशी मात्र एक ओळ तशीच राहिली: ‘खेळ कसा संपतो, ते पाहा पान ४१ वर.’

माझंच अंग, आणि त्यात काय होतं ते मलाच ठाऊक नाही. सांगायलाही लाज वाटते.

मला दोन भावंडांनी विकत घेतलं. ताई तेव्हा कॉलेजात होती आणि तिचा धाकटा भाऊ टिल्लू शाळेत. आज ताई दातांची डॉक्टर आहे, आणि टिल्लू लिफ्ट दुरुस्त करतो, सहा फूट उंच आहे, तरी टिल्लूच आहे. पहिल्या रविवारी ते खेळायला बसले. संध्याकाळी पान ४१ शोधलं, सापडलं नाही. टिल्लू म्हणाला, “मग संपलाच नाही ना अजून! पुढच्या रविवारी.”

ते पुढचे रविवार अजून चालू आहेत. ताई लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. दोघांचं कपड्यांवर, भाड्यावर, आईच्या औषधांवर, कशावर म्हणून पटत नाही. आई गेल्यावर तर वर्षभर दुसरं बोलणंच नव्हतं. तरी रविवारी चार वाजता ताई दारात हजर. “फासा काढ.” तेवढंच. मला कपाटावर ठेवायचा मान तिचा, आणि ती मला कधी म्हणून पुसत नाही. धुळीने टिल्लू शिंकतो, तीन घरं मागे जातो. बावीस वर्षं माझ्यावर फडकं फिरलं नाही ते एवढ्यासाठी. डॉक्टर बाई, म्हणे!

मग मासिकाने छपाई बंद करायचं ठरवलं. आता सगळं मोबाईलवर. शेवटच्या छापील अंकात निवेदन आलं: ‘जुने सर्व अंक डिजिटल करत आहोत. अंक ३७ आमच्याकडेही उरलेला नाही. कुणाकडे असल्यास आणावा. त्यातील राहून गेलेला नियमही छापू.’

टिल्लूने ते वाचलं आणि तो शेवटचा अंक उशीखाली लपवला. ताईला तो वर्गणीने घरपोच येत होता, हे तो विसरला.

“नेऊ या,” ताई म्हणाली. “कळू दे एकदाचं कोण जिंकलं.”

“आणि कळल्यावर गं?”

ताईने मला पिशवीत घातलं. मला मात्र एकच काळजी. खेळ संपला की ताई कशाला येणार दोन बस बदलून? आणि मला तरी कोण उघडणार?

कार्यालय म्हणजे एक खोली, दोन टेबलं. संपादक आता पार थकलेले. संगणकावर त्यांची भाची. तिने मला उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाली, “पिना काढाव्या लागतील.” माझी तर पाचावर धारण बसली.

संपादकांनी मला हातात घेतलं. साखरेने खरबरीत झालेला पट बघून त्यांचे डोळे भरून आले. “एक पत्र आलं नाही हो त्या चुकीबद्दल. मला वाटलं, हा खेळ कुणी खेळलंच नाही.” आणि माझ्या धुळीने ते जोरात शिंकले.

“तीन घरं मागे!” भावंडं एकदम ओरडली.

नियम त्यांचाच. बिचारे मुकाट्याने तीन पावलं मागे गेले ते थेट जिन्यात. तिथूनच त्यांनी पान ४१ सांगितलं: “खेळाला शेवट नाही. जो आधी ‘पुरे’ म्हणेल, तो हरला.”

टिल्लू ताईकडे बघत होता, ताई खिडकीकडे.

“बावीस वर्षांत एकदाही नाही म्हटलंस?” तिने विचारलं.

“तू तरी कुठे म्हटलंस?”

भाचीने माझ्या पिना काढल्या, एकेक पान काचेवर पालथं घातलं आणि मला परत पिना मारल्या. एक तिरकी बसली आहे, पण चालतंय. मोबाईलवरच्या माझ्या भावाला मात्र पान ४१ मिळालं, आणि त्यावर ‘पुरे’चं एक गोल बटण. पहिल्याच दिवशी आठशे जणांनी तो खेळ खेळला. जो तो आधी ते बटणच दाबत होता; सगळ्यांचा मिळून वेळ झाला अकरा मिनिटं.

आणि आमच्याकडे? रविवारी चार वाजता दार वाजलं. पट मांडला. ताईने टिल्लूच्या कपात चहा ओतायला घेतला.

“सांग हं, कधी थांबू.”

कप भरला. टिल्लू गप्प. बशी भरली. टिल्लू छताकडे बघतोय. चहा टेबलावरून ओघळून थेट माझ्या वारुळात आला.

“ओत ना, ताई,” तो म्हणाला. आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा मी त्या दोघांना पोट धरून हसताना पाहिलं.

मी अजून ओला आहे. पंख्याखाली वाळत घातलाय मला. तुम्ही त्यांच्याकडे गेलात तर एवढी कृपा करा, तो शब्द त्यांच्या तोंडून काढायला जाऊ नका. माझंही सांगून झालंय, आता थांबायला हवं. पण तो शब्द मी म्हणणार नाही. बावीस वर्षं मीही खेळतोच आहे की!