निळ्या खोळीची अकरा काजे

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे, ठोकळा नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आजवर ज्याने मला हातात घेतले त्याने मला ठोकळा, वीट, पाटा यांपैकी काहीतरी म्हटलेच. मी अंगाने जाड आहे, रंगाने काळा आहे आणि माझ्या झाकणाचा एक कोपरा घासून पांढरा पडला आहे. हे सगळे मान्य. पण जाड असणे हा काही गुन्हा नव्हे. या जाडीत काय काय आहे, हे विचारायची तसदी तुमच्यापैकी कोणी कधी घेतली आहे का?

कारखान्यात मला घडवले तेव्हा माझे झाकण हजारो वेळा उघडून आणि मिटून पाहिले होते. त्यानंतर पाच वर्षे मी एका कचेरीत पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या कारकुनाच्या टेबलावर राबलो. त्याने माझ्यावर दोनदा चहा सांडला. एकदा माझ्या वायरीत पाय अडकून मला फरशीवर पाडले. पांढरा कोपरा तेव्हाचा. मला पुसून घेतले की मी पुन्हा कामाला लागे. "हा काही मरत नाही बुवा," असे तो कौतुकाने सगळ्यांना सांगे. मग एके दिवशी कचेरीत पातळ, रुपेरी लॅपटॉप आले आणि त्याच कारकुनाने मला एका खोक्यात टाकले. खोक्याला चिकटपट्टी लावताना त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्या दिवशी माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला, तो अजून शमलेला नाही.

खोके एका दुकानात गेले. तिथे मला सर्वांत खालच्या फळीवर जागा मिळाली. वरच्या फळीवर नवे लॅपटॉप दिव्यांच्या झोतात बसलेले असत. कॉलेजात जाणारी मुले येत, त्यांचे रंग पाहत, एका बोटावर उचलून वजन पाहत आणि "भारी आहे!" म्हणत घेऊन जात. एकानेही कधी विचारले नाही की हा चार वर्षे टिकेल का.

मग एके दिवशी तिघे जण आले. एक शिवणकाम करणारी बाई, तिची मुलगी आणि मुलीचा मामा. मुलगी लहानपणी पेन्सिलींचे तुकडे जमवून लपवायची, म्हणून घरचे तिला खारूताई म्हणत. मोठी झाल्यावर त्यातली ताई गळाली आणि नुसती खारू उरली. तिला इमारतींचे आराखडे काढायला शिकायचे होते. लॅपटॉप एकदाच घेता येणार होता आणि तोच शेवटपर्यंत पुरवायचा होता.

मामाने आल्या आल्या वरच्या फळीवरचा रुपेरी लॅपटॉप उचलला. खारूच्या आईने तो हातात घेतला आणि सरळ पालथा केला.

दुकानदार चपापला. "अहो मॅडम, स्क्रीन बघा ना. उलट्या बाजूला काय आहे?"

"कापड घेतानासुद्धा मी आधी उलटी बाजूच बघते," ती म्हणाली. "सुलटी काय, सगळेच छान ठेवतात. हा उघडायचा कुठून? स्क्रू तर एकही दिसत नाही."

"तो उघडायचा नसतोच. सगळं आतून चिकटवलेलं असतं. बिघडला की नवीन घ्यायचा."

"म्हणजे उसवताच येत नाही? मग उद्या हिचं काम वाढलं तर मापात बदल कसा करायचा?"

तिने तो परत ठेवला आणि खाली वाकून मला बाहेर काढले. मलाही पालथे केले. माझे स्क्रू मोजले, बॅटरीचा खटका सरकवून पाहिला, झाकण एकाच कोपऱ्याला धरून दहा वेळा उघडले, मिटले. झाकण जराही डुगडुगले नाही. खारूने विचारले, "काका, ह्याची मेमरी वाढवता येईल का?"

"ह्या ठोकळ्याची? येईल की. बॅटरीही बदलता येते. पण जुना आहे हं."

"शिवणीत जास्तीचं कापड सोडलंय ह्याच्या," आई खारूला म्हणाली. "अंग वाढलं तरी चालेल. हाच घेऊ."

"ताई, ही वीट?" मामा जवळजवळ ओरडलाच. "कॉलेजातली पोरं हसतील हिला!"

"हसू देत. शिकायला चाललीय ना ती, की मिरवायला?"

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला पालथे करून पाहणारी ती पहिली बाई. मी मनातल्या मनात ठरवले की हिच्यासाठी जीव देईन. आणि तिनेच पुढे माझा जीव घेण्याची तयारी केली. प्रेमाने केली, हे मी नंतर मान्य केले. पण त्या वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती!

घरी आल्यावर तिने माझ्यासाठी एक खोळ शिवली. पडद्याचे उरलेले जाड निळे कापड घेतले, आत कापूस भरला, मापाला अगदी तंतोतंत. पोट झाकले, कडा झाकल्या, फक्त स्क्रीन आणि कळा तेवढ्या उघड्या ठेवल्या. "आता ह्याला धक्का लागायचा नाही," ती म्हणाली. अहो, मी काय तान्हे बाळ आहे? माझ्या पोटाला आणि कडेला फटी आहेत. त्या फटींतून माझा पंखा हवा घेतो. माझे नाक-तोंड बांधून तुम्ही मला आराखडे काढायला बसवता?

त्यात तिचे ओव्हरलॉक मशीन त्याच खोलीत होते. कापडाची कड कापत शिवणारे हे मशीन, त्याच्याजवळ दिवसभर बारीक तंतू उडत. शाळांच्या गणवेशांचे सगळे काम त्यावरच चाले आणि घर त्या कामावर चाले. माझा पंखा हवेसाठी धडपडे आणि हवेऐवजी ते तंतू ओढून घेई.

पहिले काही महिने मी निभावले. मग तापू लागलो. काम मंदावले. पंखा कण्हू लागला. "जुना म्हटल्यावर हे व्हायचंच," मामा येता-जाता सुनावे. ज्याला त्याला खापर फोडायला माझेच डोके सापडे. आणि मी काही बोलू शकत नव्हतो. दुखणे ठाऊक, उपाय ठाऊक, आणि तोंड नाही!

ज्या दिवशी खारूला चार वाजता आराखडे जमा करायचे होते, त्या दुपारी मी तिच्या बोटांखालीच बंद पडलो. तिने मला पुन्हा सुरू केले, मी पुन्हा बंद पडलो. ती रडली. मग तिने माझ्या झाकणावर चापट मारली. ती चापट मला अजून आठवते. दुसऱ्या दिवशी तिने कॉलेजच्या संगणकावर सगळे नव्याने काढून दिले. तिला शिकवणाऱ्या बाईंनी बजावले, "अंतिम आराखडे पुढच्या आठवड्यात. एक तासही उशीर चालणार नाही."

त्या संध्याकाळी मामाने निकाल देऊन टाकला. "ताई, ही वीट भंगारात दे. तुझ्या ओव्हरलॉकला माझ्याकडे गिऱ्हाईक आहे. ते विक आणि पोरीला नवा लॅपटॉप घे."

आईने ओव्हरलॉकवर हात फिरवला. "शनिवारी घेऊन ये त्याला," ती म्हणाली.

विचार करा, मित्रांनो. माझ्यात काहीही बिघडले नव्हते, आणि माझ्यापायी एक धडधाकट, कमावते मशीन घराबाहेर जाणार होते. ते गेल्यावर या बाईने गणवेशांच्या कडा काय हाताने शिवायच्या? मला इतका संताप आला की पेटून उठावेसे वाटले. तसा मी बराचसा पेटलेलोच होतो.

शनिवारी सकाळी आई ओव्हरलॉक पुसत बसली. गिऱ्हाइकाला मळके मशीन द्यायला तिचे मन धजेना. तिने वरची पट्टी काढली आणि ब्रशने तंतू झटकू लागली. शेजारी खारूने मला सुरू केले. मला टाकण्याआधी तिला तिचे आराखडे काढून घ्यायचे होते. माझा पंखा कण्हला.

आईचा ब्रश थांबला. "हा आवाज... पुन्हा सुरू कर गं."

खारूने मला बंद करून पुन्हा सुरू केले. आई उठून जवळ आली आणि तिने माझ्या पोटाशी कान लावला. "माझ्या मशीनमध्ये तंतू अडकले की अस्साच कण्हतं ते. बंद कर आधी. बॅटरी काढ." तिने खोळीचे बंद सोडले, मला पालथे केले आणि मशीनचा स्क्रूड्रायव्हर उचलला.

"आई, नको! बिघडेल!"

"भंगारातच द्यायचाय ना? मग आता काय बिघडायचंय?"

स्क्रू निघाले. पंख्याच्या तोंडाशी बोटभर जाडीचा एक पट्टा बसला होता. तिने तो चिमट्याने अलगद ओढला आणि तळहातावर घेतला. निळे, पांढरे, तपकिरी तंतू. तिच्याच गणवेशांचे. तिने शेजारी पडलेल्या खोळीकडे पाहिले, मग माझ्या पोटावरच्या फटींकडे पाहिले.

"हा बिघडलाच नव्हता गं," ती म्हणाली. "मीच ह्याचं नाक बांधून ठेवलं होतं."

मला स्वच्छ करून त्यांनी पुन्हा सुरू केले. मी तासभर एकदाही न कण्हता चाललो. तेवढ्यात मामा गिऱ्हाइकाला घेऊन दारात आला.

"मशीन विकायचं नाहीये," आई म्हणाली. "तुम्हाला उगाच हेलपाटा पडला."

"अगं, मग ह्या विटेचं काय?" मामाने विचारले.

"वीट म्हणू नकोस त्याला!" ती एवढ्या जोरात कडाडली की गिऱ्हाईक दोन पायऱ्या खाली उतरले. "चूक माझी, आणि शिव्या खाल्ल्या त्यानं. तोंड असतं तर काय काय ऐकवलं असतं त्यानं आपल्याला!"

मित्रांनो, माझ्या वतीने कोणीतरी पहिल्यांदाच रागावले होते. माझा निम्मा राग तिथेच उतरला.

त्याच दुपारी तिने खोळ पसरून मला तिच्यावर ठेवले, प्रत्येक फटीपाशी खडूने खूण केली आणि तिथे तिथे काजे केली. शर्टाच्या बटणांसाठी करतात तशी, कडा घट्ट विणलेली, मोजून अकरा. खारूने अंतिम आराखडे एक दिवस आधी जमा केले. पुढे माझी मेमरी वाढली, बॅटरी बदलली आणि तिचे शिक्षण संपेपर्यंत मी तिच्यासोबत राहिलो. दर शनिवारी ओव्हरलॉकच्या पाठोपाठ माझ्यावरही ब्रश फिरे.

मामाने दरम्यान स्वतःसाठी तो रुपेरी लॅपटॉप घेतला होता. वर्षभरात त्याची बिजागरी तुटली. झाकणाला रबर लावून तो आला आणि म्हणाला, "ताई, ह्याला एखादा टाका घालता येईल का गं?"

आता तुमच्यापैकी कोणी कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायला निघाला असेल. चकाकीवर भुलू नका. बिजागरी हलवून पाहा, तो उघडतो का ते विचारा, आणि घरी आणलात की त्याला श्वास घेऊ द्या. एवढे करूनही खालच्या फळीवरच्या कुणाला ठोकळा म्हणावेसे वाटलेच, तर जरूर म्हणा. पण आधी त्याला एकदा पालथा करून पाहा.